पहिला बास घ्यायचा क्रम: आधी अँप, मग नेक, ब्रँड सगळ्यात शेवटी

माझ्याकडे शिकायला येणारी बहुतेक मुलं बास, म्हणजे बास गिटार, घेऊनच येतात, आणि त्यातली निम्मी तरी पहिल्याच दिवशी सांगतात की सर बोटं फार दुखतात, खालचा आवाज नीट येतच नाही, मला बहुतेक हे जमणार नाही. मी बास हातात घेऊन बघतो तर दोष बोटांचा नसतोच. तारा फ्रेटपासून, म्हणजे नेकवरच्या (दांडीवरच्या) धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, इतक्या वर असतात की कुणाचीही बोटं सोलतील, आणि अँप, म्हणजे आवाज मोठा करणारं यंत्र, नाही म्हणून पोरगा दोन महिने टीव्हीच्या होम थिएटरमध्ये वायर खुपसून वाजवत बसलेला असतो. खरेदीचा क्रम चुकला की हे असं होतं. लोक आधी ब्रँड ठरवतात, मग रंग, मग हातातले सगळे पैसे त्यात घालतात आणि बाकीचं "नंतर बघू" म्हणतात. मी खाली जो क्रम देतोय तो बरोबर उलटा आहे, आणि एक टप्पा झाल्याशिवाय पुढच्यावर जाऊ नका, कारण आधीच्या टप्प्याचं उत्तर पुढे लागतं.

## टप्पा १: आवाज कुठून येणार ते ठरवा

इलेक्ट्रिक बास नुसता वाजवला तर डासासारखा आवाज येतो. पोकळ खोकं नाही त्याला, अकूस्टिक गिटारसारखं. आणि बासची सगळ्यात जाड तार, म्हणजे ई, वाजते ४१ हर्ट्झला. मोबाईलचा किंवा लॅपटॉपचा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही, तुम्हाला फक्त वरचा खरखराट ऐकू येतो आणि वाटतं की बासच खराब आहे. म्हणून पहिला प्रश्न हाच, की घरी कसं ऐकणार?

तीन रस्ते आहेत.

हेडफोन अँप. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, थेट बासच्या जॅकमध्ये खोचायचं आणि त्याला हेडफोन लावायचा. व्हॉक्सचा अँपप्लग बास हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला. चाळीत, फ्लॅटमध्ये, हॉस्टेलवर राहत असाल, रात्री दहानंतरच वेळ मिळत असेल, तर हाच घ्या आणि मनात काही किंतु ठेवू नका. गिटारचा नाही, बासचा मागा, दोन्ही दिसायला सारखेच असतात आणि दुकानात अदलाबदल होते.

ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बास कॉम्प्युटरला जोडणारा डबा. घरी कॉम्प्युटर आहे आणि रेकॉर्डिंगची हौस आहे तर फोकसराईट स्कार्लेट सोलोसारखा छोटा इंटरफेस पुरतो. त्यावर "इन्स्ट" लिहिलेलं बटण असतं, ते दाबलेलं पाहिजे, नाहीतर आवाज पातळ आणि मेलेला येतो. हे बटण न दाबता महिनाभर वाजवलेले लोक मी पाहिलेत.

कॉम्बो अँप. अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात. घरच्या रियाजाला १५ ते २५ वॅट, ८ इंची स्पीकर भरपूर झाला, फेंडर रम्बल २५ साधारण त्याच मापाचा आहे. थोडी जागा आणि पैसे असतील तर ४० वॅट, १० इंची स्पीकर, त्यात खालची ई तार खरोखर छातीत जाणवते. ड्रमर समोर बसला की मात्र १०० वॅटच्या खालचं काही ऐकू येत नाही, पण ती चिंता आत्ता करू नका, कारण ऑर्केस्ट्रात किंवा मंडळाच्या स्टेजवर बास बहुतेक वेळा डीआय बॉक्समधून (बास मिक्सरला जोडायचा छोटा डबा) थेट साऊंडवाल्याच्या मिक्सरलाच जातो.

कॉम्बो घेतलात तर तो जमिनीवर ठेवू नका. स्टुलावर किंवा जाड फोमवर ठेवा. खालचा आवाज फरशीतून सरळ खालच्या मजल्यावर उतरतो, आणि तुम्हाला वाटत असतं आपण हळू वाजवतोय, तर खालच्या काकूंचे डबे वाजत असतात.

सावध: गिटारच्या अँपवर बास अगदी हळू वाजवला तर चालतं, आवाज वाढवला की स्पीकरचा कागद फाटतो. होम थिएटरच्या ऑक्समध्ये बास थेट लावू नका, एकतर आवाज दबका येतो, आणि तार जोरात फटकारली तर स्पीकर जाऊ शकतो. आणि ब्लूटूथ हेडफोन अजिबात नाही. तार आत्ता छेडली आणि कानात क्षणभराने आवाज आला तर ताल पक्का व्हायचं सोडाच, बिघडतो. वायरवालाच हेडफोन लागणार.

## टप्पा २: पैसे आधी फोडा

समजा तुमच्याकडे ३०,००० रुपये आहेत. मग २०,००० च्या आसपास बास, ६-७ हजार आवाजाची सोय, आणि उरलेल्यात केबल, पट्टा, ट्यूनर, बॅग, सेटअप (म्हणजे नेक आणि तारांची उंची जुळवून घेणं). भाव सारखे बदलतात त्यामुळे आकड्याला चिकटू नका, पण हिस्सा हाच ठेवा, बासवर दोन तृतीयांशापेक्षा जास्त घालवायचं नाही. २९,००० चा बास आणि हजाराचं बाकी सगळं यापेक्षा १८,००० चा बास नीट सेटअप करून, बऱ्या हेडफोनमध्ये, शंभर पटीने चांगला वाजतो.

आणि सेटअपचे पैसे वेगळे काढून ठेवायचे, पाकिटात, हात लावायचा नाही. का ते टप्पा ६ मध्ये.

पैसे खरंच कमी असतील, म्हणजे सगळं मिळून पंधरा हजार वगैरे, तर नवीन नाव नसलेला स्वस्त बास घेऊ नका, सेकंडहँड बघा.

## टप्पा ३: हाताला काय बसतं ते बघा

चार तारा की पाच? चारच. ई, ए, डी, जी. पाचवी तार खाली बी असते, ३१ हर्ट्झची, छोट्या अँपवर ती नुसती गढूळ ऐकू येते, नेक रुंद होतो, आणि न वाजणाऱ्या तारा हाताने दाबून गप्प ठेवणं, जे नवीन माणसाला सगळ्यात जड जातं, ते आणखी एका तारेचं वाढतं. "पुढेमागे लागेल" म्हणून पाच तारा घेऊ नका. लागेल तेव्हा घ्या.

स्केल. नटपासून (नेकच्या डोक्याकडची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा टेकतात ती जागा) तारेची लांबी. नेहमीचा बास ३४ इंचाचा, छोटा ३० इंचाचा. कागदावर हा फरक काहीच वाटत नाही, हातात घेतल्यावर कळतो. साध्या इलेक्ट्रिक गिटारचा पहिला फ्रेट नटपासून साधारण ३६ मिलिमीटरवर असतो, ३० इंची बासचा ४३ वर, आणि ३४ इंचीचा ४८ वर. म्हणजे पहिल्या चार फ्रेटवर चार बोटं पसरायची तर पंजा चांगलाच ताणावा लागतो. दहा-बारा वर्षांचं मूल असेल, हात लहान असेल, किंवा मनगटाची जुनी तक्रार असेल, तर ३० इंची बघा, स्क्वायरचा ब्रॉन्को त्या मापाचा आहे. आयबानेझचा मिक्रो तर २८.६ इंचाचा, शाळकरी पोरांना फार छान बसतो. छोटा बास म्हणजे खेळण्यातला बास नव्हे. मोठमोठे लोक स्टेजवर वाजवतात. बाकी सगळ्यांनी ३४ घ्या, हात महिन्याभरात उघडतो.

नेकची रुंदी. दोन जुनी घराणी आहेत म्हणा, फेंडरचे प्रिसिजन आणि जॅझ हे नमुने. जॅझचा नेक नटपाशी साधारण ३८ मिलिमीटर, प्रिसिजनचा ४१-४२ च्या आसपास. तीन-चार मिलिमीटर म्हणजे किती ते, असं वाटेल, पण अंगठा मागे लावून बघा, लगेच कळतं. कुठला चांगला असं काही नाही, जो धरल्यावर मनगट वाकडं करावं लागत नाही तो तुमचा.

वजन. बास साडेतीन ते साडेचार किलो भरतो. पट्टा लावून पाच मिनिटं उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. बासचं डोकं खाली जमिनीकडे गेलं तर त्याला नेक डाईव्ह म्हणतात, डावा हात मग वाजवायचं सोडून नेक उचलायचं काम करत राहतो. रुंद पट्टा लावून थोडं कमी होतं, पूर्ण जात नाही. फार पडत असेल तर दुसरा बघा.

तपासा: बसून बास उजव्या मांडीवर ठेवा, डावा हात पहिल्या फ्रेटवर न्या. खांदा वर उचलला गेला? कोपर पूर्ण सरळ झालं? मग हा बास तुमच्यासाठी लांब आहे.

डावखुरे असाल तर एक सांगतो, अजून काहीच वाजवत नसाल तर उजव्या हाताचा बास एकदा मनापासून महिनाभर करून बघा, कारण डावखुऱ्या बासचे पर्याय आपल्याकडे फार थोडे मिळतात. तबला किंवा ढोलकी आधीपासून डाव्याने वाजवत असाल आणि हात अजिबातच वळत नसेल, तर मग थांबून डावखुराच मागवा.

## टप्पा ४: पिकअप आणि बॅटरी (इथे जास्त वेळ घालवू नका)

पिकअप म्हणजे तारेखालची चुंबकं. प्रिसिजनचा एकच, दोन तुकड्यांत फोडलेला, आवाज जाड आणि सरळ. जॅझचे दोन, त्यात आवाज फिरवता येतो. दोन्हीचं मिश्रण असलेला पी-जे बास पहिल्यांदा घ्यायला मला सगळ्यात बरा वाटतो, यामाहाचा टीआरबीएक्स १७४ तसा आहे, आणि मी मुलांना सुचवताना बहुतेक तिथूनच सुरुवात करतो.

काही बासमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते, त्यांना ॲक्टिव्ह म्हणतात. नवीन माणसाने बॅटरीशिवायचा, म्हणजे पॅसिव्ह घ्यावा असं माझं मत आहे, एक भानगड कमी. ॲक्टिव्ह घेतलाच तर वाजवून झाल्यावर केबल बासमधून काढून ठेवा. केबल खोचलेली राहिली की बॅटरी चालूच राहते, आणि दोन आठवड्यांनी आवाज चिरकायला लागला की लोक बास दुरुस्तीला घेऊन धावतात. आधी बॅटरी बदला.

## टप्पा ५: दुकानात काय करायचं

आता कुठे दुकानात जायचं. मुंबईत असाल तर धोबी तलावच्या बाजूला एक फेरी मारा, एका दुपारी बरेच बास हातात येतात. गावी असाल, ऑनलाईनच मागवणार असाल, तरी जवळच्या शहरात एकदा तरी कुणाचा तरी बास हातात घेऊन या, मगच ऑर्डर टाका. सोबत पाच एटीएम कार्डं न्या. चेष्टा नाही, पुढे सांगतो.

हा क्रम पाळा:

1. अँप न लावता आधी नुसता बघा. बॉडीच्या बाजूने डोळा लावून नेकवरून नजर टाका, बंदुकीचा नेम धरल्यासारखी. नेक अगदी हलका पुढे वाकलेला असला तर ठीक, पिळलेला असला तर परत ठेवा. पीळ निघत नाही.

2. प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट. हो, सगळे. चार तारा गुणिले वीस-चोवीस फ्रेट, पाच मिनिटं लागतात. कुठे टणत्कार, कुठे एखादा स्वर लगेच मरतो का ऐका. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटला स्वर थोडा लवकर विझणं बऱ्याच चांगल्या बासमध्येही असतं, त्याने घाबरू नका, पण तिथे तो एकदम धप्प होत असेल तर दुसरा नग मागा.

3. फ्रेटच्या कडा. नेकच्या दोन्ही बाजूंनी तळवा वरखाली फिरवा. ब्लेडसारखं टोचलं तर नको.

4. कार्डांची परीक्षा. बारावा फ्रेट शोधा, तिथे दोन ठिपके असतात. साधं एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं, म्हणजे तीन कार्डं मिळून सव्वादोन मिलिमीटर. उठाव असलेल्या आकड्यांचं जुनं कार्ड नको, सपाट हवं. तार न दाबता ई तारेच्या खाली, फ्रेटच्या डोक्यावर, ही गड्डी सरकवा. तीन कार्डं तारेला जेमतेम लागून गेली तर उंची छान. जी तारेखाली दोन आरामात जायला हवीत आणि तिसरं अडायला हवं. ई तारेखाली चार जात असतील तर सेटअपने उतरेल. पाच जात असतील तर दुकानदाराला तिथेच उतरवून दाखवायला सांगा, आणि ब्रिजचे स्क्रू पूर्ण खाली असूनही उतरत नसेल तर तो नग घेऊ नका.

5. आता अँपला लावा. सगळे नॉब मधोमध. नॉब फिरवताना खरखर, केबल हलवल्यावर आवाज जाणं, हे बघा. नुसती घरघर येत असेल तर तारांना हात लावा, कमी झाली तर अर्थिंगची वायर ठीक आहे. हात लावल्यावर वाढली तर आत वायरिंग चुकलंय.

6. बारावा फ्रेट ट्यूनरवर. तार नीट लावून घ्या, मग बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. ट्यूनरने तोच स्वर मधोमध दाखवायला हवा. थोडा सरकलेला असेल तर सेटअपमध्ये जुळतो.

माझा भाचा मागच्या वर्षी डोंबिवलीहून बास घेऊन आला होता, नवाकोरा, चकचकीत काळा, ते प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. म्हणाला, "मामा, तिसऱ्या फ्रेटवर दाबता दाबता अंगठ्यात गोळा येतो." कार्डं घातली तर ई तारेखाली पाच गेली आणि सहावं टेकत होतं. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं की सुरुवातीला सगळ्यांनाच असं होतं, सवय होईल. सवय नाही होत हो, मुलं सोडून देतात. ब्रिजवरचे चार सॅडल (तार ज्यावर टेकते ते तुकडे) अॅलन कीने उतरवले, अर्धा तास लागला, आणि तोच पोरगा त्या रात्री जेवायला उठेना.

### सेकंडहँड घेत असाल तर

वरचं सगळं कराच, शिवाय हेडस्टॉक (खुंट्या असलेलं डोकं) नेकला जिथे मिळतो तिथे मागून उजेडात बघा, केसासारखी चीर असली तरी नको. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली बाक जुळवायची सळई, तिचा फिरवायचा नट बघा (तारांचा नट वेगळा), तो आतून झिजून गोल झाला असेल तर नेक कधीच सरळ करता येणार नाही. तारांखाली पहिल्या पाच फ्रेटवर खाचा पडल्यात का बघा. तारा गंजल्या असतील तर ती तक्रार नाही, भाव पाडायचं कारण आहे.

### अमेरिकेतून कुणी आणत असेल तर

बास आणायला सांगा, त्यात मेन्सची वीज लागत नाही. अँप मात्र आधी मागचं लेबल बघितल्याशिवाय आणायला सांगू नका. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. मागे व्होल्टेजचा खटका असेल तर ठीक, नसेल तर इथे प्लग लावला की पहिल्याच सेकंदाला फ्यूज, आणि नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मर जातो. चुलत भावाने बॅगेतून एवढ्या लांबून आणलेला अँप असा गेलेला बघवत नाही.

## टप्पा ६: वाजवायच्या आधी सेटअप

हा टप्पा सगळे गाळतात, आणि इथेच सगळं बिघडतं. बास ज्या हवेत बनला आणि ज्या गोदामात पडून राहिला, तिथलं आणि तुमच्या घरचं हवामान वेगळं. रत्नागिरीत जुलैमध्ये लाकूड वेगळं वागतं, अकोल्यात मे महिन्यात वेगळं. म्हणून घरी आणल्यावर दोन-तीन दिवस खोलीत राहू द्या, मग सेटअप करा किंवा करून घ्या.

सेटअपचा क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा केला तर सगळं पुन्हा करावं लागतं:

1. नवीन तारा, आणि पूर्ण सुरात. मापं सुरात लावलेल्या बासवरच घ्यायची. पहिल्यांदा ४५-१०५ किंवा ४५-१०० जाडीच्या राऊंडवाऊंड (वरून गोल तारेचं वेटोळं असलेल्या) तारा. एकावेळी एकच तार बदला. जास्तीची तार कापायच्या आधी ती खुंटीपाशी काटकोनात मुडपा, मग पुढचं कापा, सरळ कापली तर वरचं वेटोळं आतून सुटतं आणि नवी तार पहिल्याच दिवशी मुकी होते.

2. नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) किंवा डाव्या हाताचं बोट, शेवटच्या फ्रेटवर उजव्या हाताचं बोट, आणि सात-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी फट. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरी, अजिबातच फट नसेल तर उलट पाव फेरी. पाव म्हणजे पावच. मग सुरात लावा, तासभर थांबा, पुन्हा बघा.

3. मग उंची. ब्रिजच्या सॅडलवरून, कार्डांच्या गड्डीने.

4. मग इंटोनेशन, म्हणजे वरचे फ्रेटही सुरात आणणं. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर चढा येत असेल तर सॅडल मागे, उतरा येत असेल तर पुढे.

सावध: ट्रस रॉड घट्ट लागतोय, जोर लावावा लागतोय, तर हात काढा. तिथून पुढचं काम टेक्निशियनचं. रॉड तुटला तर तो नेक संपला. पहिल्या वेळी सेटअप करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा, चांगला कारागीर बघू देतो.

## टप्पा ७: बाकीचं सामान

केबल ३ मीटरची, इन्स्ट्रुमेंट केबल. स्पीकर केबल दिसायला तशीच असते पण तिला आतून जाळीचं वेष्टण नसतं, सगळी घरघर ओढून घेते. पट्टा तीन इंच रुंद, अंगठ्याएवढी पट्टी खांद्यात रुतते. ट्यूनर क्लिपवाला, नेकच्या डोक्याला चिमटा लावायचा, कारण खालची ई मोबाईलच्या माइकला नीट कळत नाही. बॅग जरा जाड, लोकलने जाणार असाल तर नक्कीच.

अर्थिंगचं मात्र थांबून वाचा. जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं पण अर्थची वायर आत जोडलेलीच नसते, किंवा लोक अँपचा प्लग दोन पिनच्या अडॉप्टरमध्ये खोचतात. बासच्या तारा ब्रिजमधून थेट अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे तुमचे हातही. तारेला हात लावल्यावर किंवा एका हातात तार असताना माइकला ओठ लागल्यावर मुंग्या आल्या, तर लगेच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. "थोडंसं झिणझिण होतं" म्हणून वाजवत राहू नका, यात माणसं गेलेली आहेत.

## टप्पा ८: पहिले तीन आठवडे

पहिला आठवडा, फक्त उजवा हात. अंगठा पिकअपच्या कडेवर टेकवा. तर्जनी, मधलं, तर्जनी, मधलं, एकाआड एक. मेट्रोनोम (टकटक ताल देणारं यंत्र) ६० वर, ए तार मोकळी. चार मात्रा वाजवा, चार मात्रा गप्प. आणि गप्प म्हणजे खरंच गप्प, पाचव्या मात्रेवर तार डाव्या हाताने अलगद टेकून थांबवा. बासमध्ये स्वर कधी संपवायचा हे तो कधी सुरू करायचा याच्याइतकंच मोठं आहे. सगळ्यांना हे कंटाळवाणं वाटतं, पण हे करणारा मुलगा महिन्याभरात गाण्याला धरून वाजवतो, न करणारा वर्षभर गढूळ वाजवत राहतो.

दुसरा आठवडा, डावा हात. बोट फ्रेटच्या अगदी मागे, मधोमध नाही, वर तर नाहीच. खालच्या पाच फ्रेटवर चार बोटांनी चार फ्रेट ओढू नका, डबल बासवाल्यांसारखं करा, तर्जनी, मधलं आणि करंगळी, अनामिका करंगळीला आधार देते. अंगठा नेकच्या मागे मधल्या बोटासमोर, वरून डोकावायचा नाही.

तिसरा आठवडा, पट्ट्या, म्हणजे गायक हार्मोनियमच्या ज्या पट्टीवर सा धरतो त्या. हे इंटरनेटवरचे बाहेरचे धडे तुम्हाला देणार नाहीत. आपल्याकडे गायक सी शार्प म्हणत नाही, काळी एक म्हणतो. तेव्हा ही जागा पाठ करा. पांढरी एक म्हणजे सी, ए तारेचा तिसरा फ्रेट. काळी एक, ए तारेचा चौथा. काळी दोन, ए तारेचा सहावा, किंवा डी तारेचा पहिला. काळी तीन, ई तारेचा दुसरा. काळी चार, ई तारेचा चौथा. काळी पाच, ए तारेचा पहिला. आणि मोकळी ए म्हणजे पांढरी सहा.

आता मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप काळी एकला लावा, ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर सा धरा. तिथून वरच्या डी तारेवर दोन फ्रेट पुढे, म्हणजे सहाव्या फ्रेटवर, प आहे. आणि त्याच डी तारेवर चौथ्या फ्रेटवर, साच्या अगदी शेजारी, म. एवढ्या तीन जागांवर कितीतरी आरत्या आणि भावगीतं धरता येतात. सा आणि तानपुरा एक झाले की स्वर डोलायचा थांबतो, ते कानाला लगेच कळतं. डोलत असेल तर तार उतरलेली आहे किंवा तुम्ही फार जोरात दाबताय.

तपासा: रोज वीस मिनिटं. मनगटात किंवा कोपरात कळ आली तर थांबा. बोटांच्या टोकांना हुळहुळणं ठीक आहे, सांध्यात दुखणं ठीक नाही, आणि तसं झालं तर पहिल्यांदा पुन्हा एटीएम कार्डं काढा आणि तारांची उंची बघा, पावसाळ्यात नेक हलतो आणि एप्रिलमध्ये तीन कार्डांवर असलेली तार ऑगस्टमध्ये चारवर गेलेली असते.

वाजवून झालं की जुन्या सुती कपड्याने तारा वरून आणि खालून पुसा, खालून जास्त, कारण घाम तिथे साठतो. बॅगेत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवा, आणि दर पावसाळ्याच्या सुरुवातीला बदला.